आकडा

गोणीचा आकडा तळहातात घुसला त्या दिवशी
तू हात पाठीमागे लपवलास,
शाळेतल्या पोरासारखा.
मी हळद घेऊन उभी.
"लांब हो," म्हणालास, इतक्या जोरात
की शेजारी भिलारेवहिनींनी टीव्ही बारीक केला.

तोवर कप वेगळा झाला होता तुझा,
टॉवेल वेगळा,
आणि अंथरूण गॅलरीत, कोपरखैरण्याच्या डासांत.
मला वाटलं, दुसरी कुणी आहे.
होती. टर्मिनलच्या मागं, कधीकाळी,
नऊ वर्षं झाली की अकरा, तुलाही आठवेना.
हे मी वाशीच्या दवाखान्यात ऐकलं, बाकावर बसून.
रडायचं राहूनच गेलं,
आपला नंबर पुकारला.

सुरवसे मॅडमनी ड्रॉवरमधून
नॅपकिनात गुंडाळलेला लाकडी नमुना काढला,
पोळपाटाशेजारचं लाटणं काढावं तसा.
निरोधची तारीख बघा. टोक चिमटीत धरा, हवा राहू नये.
तेल लावू नका. एकावर एक दोन नकोत.
मी मान खाली घालून पाठ केलं सगळं
आणि विचारलं एवढंच: मग डास?
डासानं नाही, म्हणाल्या. कपानं नाही, घामानं नाही, मिठीनं नाही.
रक्तातून, वीर्यातून,
बाईच्या अंगातल्या ओलाव्यातून, आईच्या दुधातून.
म्हणजे जिथून पोर येतं, जिथून ते वाढतं,
त्याच वाटा.
"तुमच्यात आज नाही. तीन महिन्यांनी परत या."

पाकिटं मी मेथीच्या जुडीखाली घालून आणली.
रात्री तुझ्या कपातला उरलेला चहा
तुझ्यादेखत प्यायले.
तू ओरडणार होतास.

आता रोज नऊला मोबाईल वाजतो.
तू गोळी घेतोस, मी पाणी देते.
चुकलास तर दुसऱ्या दिवशी बोलत नाही,
एवढाच माझा धाक.
परवाचा कागद तू
गोणीवरचा मार्का वाचावा तसा दोनदा वाचलास:
विषाणू आढळला नाही.
मॅडम म्हणाल्या, सहा महिने असंच राहिलं,
गोळी चुकली नाही,
तर तुमच्याकडून यांना होत नाही.
"नाही म्हणजे?"
"नाही म्हणजे नाही."

माफीचं विचारू नकोस.
ती तोलून देईन, थोडी थोडी,
कधी काटा अडेल, कधी मीच अडवीन.
पण गॅलरीतलं अंथरूण सकाळी उन्हात टाकलंय,
संध्याकाळी आत घेईन.
सहा महिने व्हायचेत अजून.
उशीखाली पाकीट आहे,
तारीख बघितली आहे मी.