सात टिचक्या

श्रीशैलनं आणून दिला. नव्या पेठेतला, जुना,
कोपऱ्यात काच तडकलेला.
म्हणाला, "काका, नुसतं हॅलोपुरता ठेवू नका,
ह्याच्या पोटात लई काय काय आहे."
मी ऐकलं नाही, ओठांवरून वाचलं.
अडतीस वर्षं लूमच्या खडखडाटात
आम्ही सगळे असंच बोलायचो,
फरक इतकाच की घरी आल्यावर
बाकीच्यांना ऐकू यायचं.

आधी सापडला एक खेळ.
वरून रंगीत चौकोन उतरतात,
खाली ओळ जुळवायची, भरली की गायब.
मला हसूच आलं.
ग्राफच्या कागदावर असेच चौकोन भरून
चादरीच्या काठाला मोर काढलेत मी,
एकेका चौकोनाला पुठ्ठ्यात एकेक भोक.
भोक असेल तर दोरा वर,
नसेल तर खाली.
श्रीशैल म्हणतो, फोनलाही आतून एवढंच कळतं,
आहे किंवा नाही.
मग माझ्या पुठ्ठ्यांना कुणी स्मार्ट का नाही म्हटलं बे?
आणि माझी भरलेली ओळ गायब नव्हती होत,
कुणीतरी थंडीत अंगावर घ्यायचं ती.

सेटिंगच्या तळाशी एक नंबर आहे.
त्यावर सात टिचक्या मारल्या
तर पाटी आली: तुम्ही आता डेव्हलपर आहात.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
जॉबरच्या वर काही मिळालं नाही मला.
इथं सात टिचक्यांत बढती.
दुपारभर बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन,
मी आत बसून फोनच्या हालचाली अर्ध्या केल्या,
पळायला लागला चटचट,
तेल घातलेल्या धोट्यासारखा.

मग ते सापडलं,
समोरचा बोलतो ते काचेवर लिहून दाखवणारं.
तांबोळीचं दुकान, वीजबिल, शेजारचं भांडण,
सगळं अक्षरांत येऊ लागलं.
भांडणातल्या शिव्यांच्या जागी फुल्या,
तेवढं मी मनानं भरलं.

संध्याकाळी भूदेवीसमोर धरला.
ती नेहमीसारखी म्हणाली, "तिन्नारा?"
काचेवर आलं: तीन नारळ.
"मंदु वेसुकुन्नारा?"
मंद वेस कोणारा.
औषध घेतलं का, एवढंच विचारत होती बिचारी.

श्रीशैलनं भाषा बदलून तेलुगू लावली.
आणि आली की अक्षरं,
गोल गोल, भरल्या कांड्यांसारखी,
आमच्या घरातलं बोलणं
पहिल्यांदाच लिहिलेलं.
मी बघत राहिलो.
शाळा मराठी माझी. एक अक्षर येईना.
तिच्याकडे फिरवला फोन,
तिला तर कुठलंच येत नाही,
विड्यांची हजारी तेवढी मोजता येते.
दोघं बसलो, मध्ये आमचीच भाषा उजेडात,
कुणाला वाचता न येणारी.

दुसऱ्या दिवसापासून ती फोनशी मराठीत बोलू लागली.
"आपण जेवण केलं आहे काय?"
बँकेत बोलावं तसं, पदर सारखा करून.
अक्षर अन् अक्षर बरोबर आलं.
मी म्हटलं, नको. बंद कर.

फोन मग चार दिवस फडताळात होता.
पाचव्या दिवशी, खेळ आठवला म्हणून काढला,
बोटं इकडंतिकडं फिरताना कळलं,
रिंग आली की मागचा दिवा लुकलुकतो असंही करता येतं.
तिच्याकडे बटणांचा डबडा आहे,
त्यात एकच नंबर पाठ.

आता मी ओसरीवर चौकोन जुळवत असतो.
आतून कडक भाकरी मोडल्याचा,
शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण फिरल्याचा,
कसलाच आवाज माझ्यापर्यंत येत नाही.
फोन पालथा ठेवला की
भिंत पांढरी होते, विझते,
पांढरी होते, विझते,
पांढरी.
तीन वेळा, मग ती कापते.

तीन नारळ.
खेळ तसाच सोडून उठतो मी,
वरून उतरत असलेला लाल चौकोन
कुठं का पडेना.