चुंबक

रविवार पेठेतल्या दुकानदारानं फुकट दिलं
नखाएवढं चुंबक.
"ज्याला चिकटेल, तेवढंच इंडक्शनवर चालेल, काकू."

घरी येऊन ओटाभर भांडी मांडली.
पितळी पातेलं, नाही.
हिंडालियमची कढई, नाही.
कुकरनंही झिडकारलं.
लोखंडी तव्याला मात्र असं बिलगलं
की सोडवताना नख दुखलं.

सिरॅमिकची काच म्हणे
बंद केल्यावरही तापलेली राहते;
हे तर ओट्याला हात टेकूनच उभे राहतात.
धायरीत गुरुवारी वीज नसते.
आणि वांगं कशावर भाजू?

मागच्या आठवड्यात यांनी चहा ठेवला,
पेटवायचं विसरले.
घरभर वास,
हे खिडकीत, पेपर वाचत.

चुंबक आता फ्रिजवर,
त्याखाली डॉक्टरांची चिठ्ठी.
उद्या शेगडी न्यायला येतील.
बर्नर चिंचेनं
लख्ख घासून ठेवलेत.