बामणोली ते तापोळा, इंजिनाशिवाय

शीड मी शिवलं.
मेढ्याच्या दुकानात, लग्नसराईचे ब्लाउज बाजूला सारून,
मांडवाच्या जुन्या पांढऱ्या कापडाचं,
दुहेरी शिलाई, कडेला काथ्याची दोरी.
तीन सुया मोडल्या.
बायका विचारायच्या, एवढा परकर कुणाचा वहिनी?
वाऱ्याचा, मी म्हणायचे.

ह्यांनी लाँचवाल्याकडनं होडी आणली,
इंजिन काढून घेतलेली, बुडाला डांबर फासलेली.
मधोमध निलगिरीचा वासा रोवला.
पेंटरनं नाव घातलं, इंदूमति.
उकार चुकला, वेलांटीही चुकली.
राहू दे म्हटलं, पाण्याला कुठं वाचता येतंय.

हे बोटीवर होते अठरा वर्षं.
नॉर्वेचा किनारा ह्यांनी मला इतक्यांदा सांगितला
की काजं करता करता मीच तो गिऱ्हाइकांना सांगायचे:
डोंगर थेट पाण्यात उतरलेले,
मधे समुद्राची बोळ,
बोळीच्या टोकाला लाल घरांचं गाव,
आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.
मग दिवा कधी लावतात?
लग्न नवं होतं तेव्हा विचारलेलं.
हे नुसते हसले.
नेईन तुला एकदा, म्हणाले.

पासपोर्ट काढला. मुदत संपली. परत काढला.
मग माझे गुडघे,
मग ह्यांची अँजिओप्लास्टी.

म्हणून वैशाखात, शिवसागरावर.
पाणी पार खाली गेलेलं.
काठावर लाल मातीच्या रेघा, एकीखाली एक,
भिंतीवर पोराची उंची मोजावी तशा,
फक्त उलट्या.

दुपारी मुनावळ्याकडनं वारा सुटला
आणि कापड फुगलं.
शिवण कुरकुरली, पण धरून राहिली.
पर्यटकांची लाँच भकभकत बाजूनं गेली,
पोरं ओरडली, आज्जी, डिझेल संपलं काय?
हे सुकाणू धरून ताठ,
दोन दिवसांची दाढी, कप्तानासारखे.

रात्री काठाला नांगर टाकला.
भाकरी, खर्डा, द्रोणभर करवंदं.
पलीकडनं गवे पाण्यावर आले.
काळोखाचेच तुकडे उतरणीला लागलेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला.
शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं.
ना पुढं, ना मागं. पाणी तव्यासारखं.
अकरा वाजले. तीन वाजले.
तेव्हा हे म्हणाले, माझ्याकडं न बघता:
तो किनारा मी पाहिलेला नाही.

मी इंजिनरूमला होतो ना. पार खाली.
तिथं खिडकी नसते.
फर्नांडिस म्हणून कुक होता,
तो चहा घेऊन यायचा आणि सांगायचा,
ती लाल घरं, तो सूर्य.
एकदा शिडी चढून वर गेलो,
तर सगळं धुकं.

मला राग आला.
खोटं कशाला बोलू, चांगलाच आला.
करवंदांचा द्रोण मी माझ्या बाजूला ओढला.
मेढ्यातल्या निम्म्या बायकांना तोंडपाठ होता
फर्नांडिसचा किनारा.

हे गप्प.
वल्ह्यावर चतुर बसला, उडाला, परत बसला.

मग ऊन वासोट्याच्या मागं सरकायला लागलं.
डोंगर थेट पाण्यात उतरले होते.
आधीपासनंच उतरलेले असणार,
मी शिवणीकडं बघत होते.
बघा की मग आता, म्हटलं,
आणि द्रोण मधे ठेवला.

ह्यांनी बघितलं. पार शेवटपर्यंत,
डोळ्यांना पाणी येईस्तोवर.
मावळला, म्हणाले.
मी कंदील लावला.

तिसऱ्या दिवशीही वारा आला नाही.
एका मासेवाल्यानं दोर बांधून
तापोळ्यापर्यंत ओढत नेलं, दोनशे रुपये घेतले.
शीड घडी करून माझ्या मांडीवर.
त्याचं इंजिन सुरू झालं तशी
ह्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले.
टॅपेट वाजतायत त्याचे, म्हणाले,
सांगायला पाहिजे.