तेलपाणी

चैत्र सरता सरता रंकाळ्याचं पाणी दोन पायऱ्या उतरतं,
बोटींच्या धक्क्याचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे पडतात,
आणि दस्तगीर मिस्त्रींचा फोन येतो:
"फळ्या वाळल्यात. ये."

पहिला दिवस नुसता खरवडण्याचा.
शेवाळ, बगळ्यांची घाण, जलपर्णीचे वाळलेले केस,
फटीत खोचलेला भेळेचा कागद.
मग ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर,
रेषेच्या उलट एकदाही नाही.
"उलटा हात फिरवलास तर लाकूड ध्यानात ठेवतंय,"
मिस्त्री म्हणतात,
माझ्याकडे न बघता, खिळ्याकडे बघत.

तेल चंदगडहून येतं, काजूच्या टरफलांचं,
काकवीसारखं काळं. कातडीला लागलं की फोड.
म्हणून हातांना आधी खोबरेल चोपडायचं,
वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या,
आणि शालिनी पॅलेसच्या घड्याळाकडे पाठ करून
रांगत मागे सरकायचं.

पातळ हात, दोनदा.
जाड हात वरच्यावर बसतो,
महिनाभर चिकटून राहतो, नको असलेल्या पाहुण्यासारखा.
फळीच्या कापलेल्या टोकांना तहान जास्त.
तिथे ब्रश थांबवायचा. पिऊ द्यायचं.
हे मिस्त्रींनी कधी सांगितलं नाही,
मला आठव्या वर्षी दिसलं.

गेल्या साली तिसऱ्या दिवशी दिवे लागताना
शेवटचा हात झाला.
सुंभ आडवा बांधला,
पाटीवर खडूनं लिहिलं 'ओलं आहे',
आणि घरी गेलो.

सकाळी पाटी जागेवर, सुंभ जागेवर,
आणि तेलात पावलं.
अनवाणी. लहान, पण पोराची नव्हेत.
एकोणीस फळ्या, सरळ,
धक्क्याच्या टोकापर्यंत.
परत येणारी नाहीत.

मिस्त्रींनी डबा खाली ठेवला.
एक पाणकोंबडी उगाच ओरडली.
मी चपला काढल्या, कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.
फोन हातात होता
आणि नंबर आठवत नव्हता.

मिस्त्री ओणवे झाले,
फळीला नाक लागेल इतके.
मोतीबिंदू काढलेला डोळा उघडा, दुसरा मिटलेला.
"बग," म्हणाले. "टाच दोन डाव उठलीया."

खरंच. प्रत्येक पावलात दुसरं पाऊल,
बोटांवर टाच, टाचेवर बोटं.
टोकाशी एक फिसकटलेला डाग,
या पायावरून त्या पायावर
बराच वेळ वजन गेल्याचा.
आणि मग तिथून वळून,
पदपथावरच्या दिव्याच्या उजेडात चाचपत,
आपल्याच पावलांत पाय ठेवत
कुणीतरी परत आलं होतं.

आमचं काम आणखी बिघडू नये म्हणून?
एवढं भान
तेव्हा कुठून आणलं असेल?

त्या तळव्यांना फोड आले असणार.
आठवडाभर मी महाद्वार रोडला, शाहूपुरीत, बसमध्ये
बायकांचे, माणसांचे पाय बघत हिंडलो,
शिव्या खाल्ल्या असत्या कुणी ओळखलं असतं तर.

चौथ्या दिवशी पावलं घासून
नवा हात द्यायला हवा होता.
मिस्त्री टपरीच्या सावलीत बसून विडी ओढत राहिले.
"मुरू दे," एवढंच.

यंदा फळ्या पुन्हा वाळल्या.
त्या एकोणिसांवर पेपर हलका फिरवला,
एवढा हलका की घासलं म्हणता येऊ नये.
पावलं आता रंगापेक्षा सावलीसारखी,
उन्हं तिरपी असली तरच दिसतात.
पातळ हात दोनदा दिला. सुंभ बांधला.
मी पाटीवर लिहिलं 'ओलं आहे'.

"खाली आनिक लिव," मिस्त्री म्हणाले,
"खोबरेल टपरीत हाय.
कडी लावल्याली न्हाय."