ताण

डिसेंबर लागला तसे दोन्ही कॉर्न स्नेकचे दिवे मी काढून घेतले.
पाणी तेवढं ताजं.
उंदीर नाही, ऊब नाही, दोन महिने.

आई दारातूनच विचारायची,
"काहून उपाशी मारतं बाप्पा त्याइले?"
मी वहीत तापमान लिहीत राहायचो :
चौदा. तेरा. सोमवारी पंधरा.

एकदा तिनंच डब्यावर तळवा टेकला.
"ताण देतं म्हण ना.
माहा बाप संत्र्याइले असाच दे.
पाणी तोडलं का झाड घाबरते,
पानं टाकते,
अन् मंग फुलते."

फेब्रुवारीत दिवे लावले.
मादीनं कात टाकली, शेपटीच्या टोकापर्यंत अखंड.
नराला तिच्या डब्यात सोडलं.
तो कोपऱ्यात, ती पाण्याच्या वाटीत.
आठवडाभर नुसते कांदेपोहे.

मग त्या रात्री खामल्यावर गारा कोसळल्या,
लाइट गेली,
टॉर्च मारून पाहतो तर
केशरी अंगाभोवती केशरी अंग,
कोण कुठं संपतं कळेना.

"टॉर्च बंद कर," आई म्हणाली.
पत्र्यावर गारा वाजत होत्या.
बऱ्याच वेळानं, अंधारातून :
"काटोलले आज सारे फुलं झडले असतीन."