निळा, करडा, नारिंगी

खोका कस्टमवाल्यांनी उघडून पाहिलेला,
पुन्हा वाकडी चिकटपट्टी मारलेला.
आत पत्र्याची रिकामी चौकट, काचेच्या चार नळ्या,
आणि पुड्या. बडीशेपेच्या असतात तेवढ्याशा,
प्रत्येकीवर कुणीतरी हाताने लिहिलेला आकडा.

मी दातांच्या कवळ्या करते, प्रभादेवीला.
दिवसभर परक्या हिरड्यांचे ठसे.
हात थरथरत नाही, एवढीच माझी पात्रता.
गिटार कॉलेजातली, माळ्यावरून काढलेली,
सहावी तार तेव्हापासूनच नाही.

माहितीपुस्तकात नवव्या पानावर, ठळक अक्षरांत:
बंद केल्यावरही आत तीनशे चाळीस व्होल्ट
दबा धरून बसलेले असतात.
हात घालायचा तर एकच. दुसरा खिशात.

माझ्या गाऊनला खिसा कुठला?
रविवारी शिलाई मशीन काढलं,
जुन्या अभ्र्याचा खिसा लावला डाव्या अंगाला,
दुहेरी टीप मारून,
आणि मग डाख द्यायला बसले.

ट्रान्सफॉर्मर तिकडच्या विजेचा, एकशे वीसचा.
लॅमिंग्टन रोडवर हातिमभाईंनी तो तळहातावर तोलला,
पपई घेताना तोलतात तसा.
"हा इकडे लावलात, बेन, तर घरभर ऊद."
आठवड्याने नवा गुंडाळून दिला,
वॉर्निशचा वास ताजा,
आणि निघताना पाठीमागून ओरडले:
"चकाकला तर बसला, मळकट दिसला तर फसला!"
डाखाबद्दल. बसमध्ये मी तो मांडीवर धरून आणला,
बायका वाकून बघत होत्या, बाळ किती महिन्यांचं.

राळेचा धूर कुठेही बसा, डोळ्यांतच येतो.
सतरा रात्री.
शेवटी एक रेझिस्टर उरला: निळा, करडा, नारिंगी.
मला वाटलं, वरची देत असतील,
भाजीवाली कोथिंबीर टाकते तशी.

शनिवारी साडेनऊला बटण दाबलं.
पायांत रबरी चपला, खिडकी उघडी, हात खिशात.
धूर नाही.
नळ्यांच्या पोटात हळूहळू निखारा धरला,
गिटारची नुसती वायर खोचलेली,
आणि यंत्र खाकरलं, आणि म्हणालं:

"…किनारपट्टीवर वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता असून
मच्छीमारांनी खोल समुद्रात…"

दार वाजलं. शेजारचे धाकू तांडेल, बनियनवर.
"रेडिओ कधी घेतलास?"
"रेडिओ नाही, अँप्लिफायर आहे."
"मग बोलतोय कसा?"
मला सांगता येईना.
होडी विकून त्यांना बारा वर्षं झालीत.
स्टुलावर बसले, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं,
मग समोरच्या गॅलरीतल्या वाळत्या साडीकडे बघून म्हणाले,
"वारा कधीच फिरलाय. याला सांगणार कोण?"

ते गेल्यावर चौदावं पान पुन्हा वाचलं.
पहिल्या नळीच्या दुसऱ्या पायाशी, अगदी लगटून:
निळा, करडा, नारिंगी.
नाहीतर वाटेवरचं सगळं आत येतं.

मीटरवर आकडे उतरेपर्यंत थांबले.
तीनशे चाळीस. नव्वद. अकरा. शून्य.
डाख चकाकला.
आवाज गेला. उरलं ते चहाला आधण येण्याआधीचं बारीक सुंसुं.
पाच तारा छेडल्या,
आणि सूर कडांना जरासा करपला,
दुधाच्या पातेल्यातली खरवड,
जिच्यासाठी आम्ही भावंडं चमचे घेऊन भांडायचो.
रात्रीचे दोन वाजेपर्यंत मी तीच खरवडत बसले.

दुसऱ्या दिवशी तांडेल साडेनऊला हजर.
सदरा घातलेला, बटणं गळ्यापर्यंत.
"लाव."
मी वाजवलं, येतं तेवढं.
त्यांनी मान डोलावली, शेवटपर्यंत, शिष्टाचाराने.
"ब्येस आहे," म्हणाले. "पण बातम्या कुठायत?"

मी बटण बंद केलं,
इस्त्री तापत घातली, हात खिशात सारला,
आणि आकडे उतरेपर्यंत
दोघं गप्प बसलो.