पेराएवढं

सांगलीच्या मार्केट यार्डात मी तोलारी आहे.
दिवसभर हळदीची पोती काट्यावर चढतात, उतरतात,
नाक शिंकरलं तरी रुमाल पिवळा.
हे आधी सांगतो, कारण
चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही.

आर्जवी चार महिन्यांची.
गाल आधी नुसते लाल, मग खरखरीत,
मग कोपराच्या आतली घडी पाझरायला लागली.
भूपाल मगदूम म्हणाला, हळद लाव की!
हळदीत बसून औषध हुडकतोयस व्हय?
निवडून राजापुरी आणली, साईत कालवली
आणि लावली.

ती कशी रडली ते लिहीत नाही.
सुप्रभानं तिला माझ्या हातातून घेतलं,
माझ्याकडं बघितलंही नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत.
म्हणाल्या, हिची कातडी म्हणजे सैल विणीचं पोतं समजा,
आतली ओल गळते, बाहेरचं सगळं आत शिरतं.
पोत्याचं मला लगेच कळलं.

तेव्हापासून
शर्ट जिन्याखालच्या खिळ्यावर.
आधी माझी अंघोळ, कान, मनगटं, नखं,
मोरीतलं पाणी पांढरं होईस्तोवर.
मग तिची:
कोपर बुडवून बघितलेलं कोमट पाणी, पाचच मिनिटं,
डाळीचं पीठ नाही, वासाचा साबण नाही,
पंचानं पुसायचं नाही, टिपायचं,
ओल्या शाईवर टीपकागद ठेवावा तसं,
आणि अंग ओलसर आहे तोवरच मलम, भरपूर,
चोळायचं नाही.
लाल ठिकाणी ते दुसरं, बारक्या ट्यूबमधलं,
बोटाच्या पेराएवढं,
बाईंनी सांगितले तेवढेच दिवस.

क्विंटलात बोलणारा माणूस मी.
पेर मोजतो, आणि जास्त तर नाही ना झालं
म्हणून पुन्हा दिव्याखाली धरतो.

माघात हवा कोरडी पडली आणि परत उलटलं.
रात्री दोनला ती झोपेतच गाल गादीवर घासते,
जुन्या धोतराचे शिवलेले हातमोजे
तोंडानं ओढून काढते
आणि सुरू. खर्र, खर्र,
फरशीवरून पोतं ओढावं तसा आवाज
एवढ्याशा नखाचा.
मी तिचे दोन्ही हात एका मुठीत धरतो.
सुप्रभा मलमाची डबी उघडते.
"नखं कापायला हवी होती."
"परवाच कापली की."
"वाढली."
याहून जास्त आम्ही बोलत नाही.

बरं कधी होईल, विचारलं होतं.
बाई म्हणाल्या, बहुतेकांचं मोठं होताना कमी होतं,
तारीख मात्र मागू नका.
यार्डात तारखेशिवाय पावती फाटत नाही.

काल कोपराची घडी मऊ लागली.
दोनदा हात लावून बघितला.
हळकुंड मोडून मी ओल सांगतो, सहसा चुकत नाही,
पण इथं खात्री वाटेना.
तेवढ्यात तिनं माझा अंगठा धरला, तोंडात घातला
आणि तोंड वाकडं केलं.
नखाच्या कडेला, कुठंतरी,
अजून हळद होती.